मुतखड्यापर्यंतची वाट

दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त वाहतं. अशा अवयवाला भोक पाडून खडा काढायचा, हे धाडसच. 1976 साली फर्नस्ट्रॉम आणि योहानसन या स्वीडनच्या डॉक्टरांनी पाठीतून मूत्रपिंडापर्यंत बारीक वाट करून खडे काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी कमरेला लांबलचक चिरा घेण्यावाचून गत्यंतर नसे.

पाठीतून अशी वाट करून खडा काढण्याला आज पीसीएनएल म्हणतात. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्याला सहसा हीच शस्त्रक्रिया सुचवतात. सगळी कसोटी पहिल्या सुईची असते. मूत्रपिंडात लघवी जमा होणारे लहान लहान कप्पे असतात आणि मोठ्या रक्तवाहिन्या त्यांच्या मधल्या भागातून जातात. म्हणून एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर पाहत सुई कप्प्याच्या अगदी टोकातून आत न्यायची. ती नीट बसली की तिच्यातून तार सरकवायची, तारेवरून वाट रुंदावायची, नळी बसवायची. मग दुर्बिणीतून पाहत खडा फोडून तुकडे बाहेर काढायचे. मला या साऱ्यात खडा फोडणाऱ्या लेझरपेक्षा त्या सुईचंच अधिक अप्रूप वाटतं. ती चुकली तर पुढची महागडी यंत्रंही रक्तस्राव टाळू शकत नाहीत.

ही वाट पूर्वी आठ ते दहा मिलिमीटर रुंद असे. ‘मिनी’ प्रकारात ती बरीच अरुंद झाली. गुजरातमधल्या नडियादच्या मूत्रपिंड रुग्णालयातले डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये जेमतेम 1.6 मिलिमीटर जाडीच्या, आतून बघता येणाऱ्या सुईने खडे फोडल्याचा अहवाल दिला. मात्र इतक्या अरुंद वाटेने तुकडे ओढून काढता येत नाहीत; भुगा लघवीवाटेच पडावा लागतो. त्यामुळे खडा मोठा असेल तर ‘सगळ्यात छोटं भोक’ मागण्यात अर्थ नाही.

लहान खड्यांसाठी भोकही लागत नाही. लवचीक दुर्बीण मूत्रमार्गातून वर मूत्रपिंडात जाते आणि होल्मियम लेझर खड्याचा चुरा करतो.

दोन्ही प्रकारांत अनेकदा आत स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी उतरत राहावी म्हणून बारीक नळी, ठेवतात. त्यामुळे जळजळ होते, वारंवार लघवीला लागते. तो काढला की हा त्रास थांबतो. काढायला काही मिनिटं पुरतात. पण बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवून तो महिनोन्‌महिने आत राहू दिला, तर त्याच्यावरच नवे खडे साचतात आणि तो काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते.