प्रिंट देताना येणारा मॅक्रोचा एरर: जुनं दुखणं कुठून आलं

छत्रपती संभाजीनगरला खंडपीठाच्या आसपासची टायपिंगची टेबलं घ्या, नाहीतर परभणी-हिंगोलीकडची तहसीलसमोरची झेरॉक्सची दुकानं. वर्डमधून प्रिंट देताना मॅक्रोचा (म्हणजे वर्डकडून आपोआप काम करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) एरर आला की पहिला संशय प्रिंटरवरच जातो. केबल काढून परत लावतात, टोनर हलवून बघतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात. तरी जमलं नाही तर कुणीतरी म्हणतंच, ‘मशीन फॉरमॅट मारून घ्या.’ प्रिंटरपर्यंत मात्र काम पोचलेलंच नसतं. अडलेलं असतं ते वर्डमध्येच, आणि त्याचं कारण बरंच जुनं आहे.

विंडोजसाठीचं पहिलं वर्ड 1989 साली आलं, ते ‘वर्डबेसिक’ नावाची मॅक्रोची भाषा सोबत घेऊन. वर्डच्या प्रत्येक आज्ञेला आतून एक नाव असतं. जुन्या वर्डमध्ये मेनूतून किंवा कंट्रोल-पी दाबून प्रिंट दिली तर ‘फाइलप्रिंट’, टूलबारवरचं प्रिंटरचं चित्र दाबलं तर ‘फाइलप्रिंटडिफॉल्ट’. याच नावाची मॅक्रो कुणी लिहून ठेवली की वर्ड स्वतःची आज्ञा बाजूला ठेवून ती मॅक्रो चालवतं. विचारणार नाही, सांगणार नाही. आणि ही मॅक्रो ‘नॉर्मल’ टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्ड दर वेळी आधी उचलतं त्या मूळ साच्यात, असली तर त्या मशीनवर उघडणाऱ्या प्रत्येक फाइलला लागू. हेतू चांगलाच होता: ऑफिसात प्रत्येक प्रिंटची नोंद ठेवायची, लेटरहेडचा कागद वेगळ्या ट्रेमधून घ्यायचा, असली कामं. पण पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ माझ्या मते याच सोयीत आहे.

कारण ही सोय आधी नीट वापरली ती व्हायरस लिहिणाऱ्यांनी. 1995 साली ‘कन्सेप्ट’ हा वर्डचा मॅक्रो व्हायरस जगभर पसरला, आणि तोही मायक्रोसॉफ्टच्याच एका सीडीतून बाहेर पडून. त्याने नुकसान असं फारसं केलं नाही; नॉर्मल टेम्प्लेटमध्ये शिरायचा आणि पुढची फाइल ‘सेव्ह ॲज’ केली की तिच्यात जाऊन बसायचा. त्याच वर्षीचा ‘न्यूक्लिअर’ मात्र थेट प्रिंटवर बसला. मिनिटाच्या शेवटच्या पाच सेकंदांत प्रिंट दिली, तर कागदाच्या शेवटी पॅसिफिकमधल्या फ्रेंच अणुचाचण्या थांबवा अशी ओळ आपोआप छापली जायची. एकदा यायची, दहादा नाही. अशा वेळी माणूस प्रिंटरला शिव्या देणार नाहीतर काय करणार?

वर्ड 97 मध्ये वर्डबेसिक जाऊन व्हीबीए ही मॅक्रोची नवी भाषा आली. 1999 च्या मार्चमध्ये ‘मेलिसा’ने ईमेलच्या यादीतल्या पहिल्या 50 जणांना स्वतःला पाठवत धुमाकूळ घातला, आणि मॅक्रोला कुलूप हवंच हे सगळ्यांना पटलं. वर्ड 2000 मध्ये सुरक्षेच्या हाय, मीडियम, लो अशा पातळ्या आल्या. मुळात ‘हाय’ ठेवलेली असायची. त्या काळापासून एक संदेश आपल्याकडे घर करून बसला: मॅक्रो सापडत नाही, किंवा सुरक्षेच्या सेटिंगमुळे बंद केली आहे. ‘नाहीच’ आणि ‘आहे, पण चालू देणार नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी, त्या एका वाक्यात कोंबल्या. त्यात अँटिव्हायरस मॅक्रो उडवतो, पण तिच्याकडे बोट दाखवणारं टूलबारवरचं बटण तसंच राहतं. ते दाबलं की हाच संदेश. मग ज्याला त्याला सुचणारा इलाज म्हणजे सिक्युरिटी ‘लो’ करून टाकणं, आणि तो झालाही सर्रास.

मराठवाड्यात वर्ड तालुक्यापर्यंत पोचलं ते याच सुमाराला. संगणक शिक्षण देणाऱ्या एमकेसीएलची स्थापना 2001 ची. पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले. शिकलेल्या पोरांनी झेरॉक्स-डीटीपीची दुकानं टाकली. मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांपैकी काहीतरी मशीनवर असायचंच. एखादा जाणता पोरगा दुकानदाराला ‘सेटिंग’ करून द्यायचा आणि पुढं नोकरीला पुण्याला निघून जायचा. मागं राहायची ती त्याची मॅक्रो.

अशी एक मॅक्रो जवळून बघण्यासारखी आहे. बाँडवर, म्हणजे स्टँप पेपरवर, वरचा भाग छापील असतो, मजकूर खाली सुरू करावा लागतो. पोरानं बटण करून दिलेलं: दाबलं की पहिल्या पानाचा वरचा मार्जिन वाढतो, ते एक पान छापलं जातं, स्क्रीनवर ‘साधा कागद लावा’ असा संदेशाचा डबा येतो, मग उरलेली पानं. साठेखत असो की प्रतिज्ञापत्र, बाँड वाया जायची भीती नाही. फक्त मॅक्रोत प्रिंटरचं पूर्ण नाव लिहून ठेवलेलं. एक दिवस झाडलोट करताना यूएसबीची वायर दुसऱ्या खाचेत लावली जाते. विंडोज त्यालाच नवा प्रिंटर समजून नावापुढं ‘कॉपी 1’ जोडतं, बंद दिसणारं जुनं नाव कुणीतरी यादीतून उडवतं, आणि मॅक्रो त्या जुन्या नावाला हाका मारत बसते. स्क्रीनवर येतं: रनटाइम एरर 5216, प्रिंटरमध्ये बिघाड. संदेशच जर खोटं बोट दाखवत असेल तर दुकानदारानं प्रिंटर उघडून बसणं साहजिक आहे. प्रिंटरच्या यादीत नव्या प्रिंटरला जुनं नाव परत दिलं की काम भागतं.

त्या डब्यातला मजकूरही बहुधा रोमन लिपीत असायचा, ‘साधा कागद लावा’ हे इंग्रजी अक्षरांत. त्याला कारण आहे. विंडोज 2000 पासून देवनागरी युनिकोड आलं, मंगल फॉन्ट आला, पण व्हीबीएचा एडिटर (मॅक्रो लिहायची खिडकी) जुन्या कोडपेजवरच, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या जुन्या तक्त्यावरच, राहिला, आणि देवनागरीला त्या पद्धतीचं कोडपेज कधी मिळालंच नाही. एडिटरमध्ये मराठी शब्द चिकटवला की सरळ प्रश्नचिन्हं उमटतात. ‘क’ हवा असेल तर 2325 हा त्याचा क्रमांक फंक्शनमधून द्यावा लागतो. फोल्डरला हौसेनं ‘साठेखत’ नाव दिलं आणि मॅक्रोत तोच पत्ता लिहिला, तर मॅक्रो प्रश्नचिन्हांचं फोल्डर शोधते आणि फाइल सापडत नाही म्हणून थांबते. इतक्या वर्षांत ही गोष्ट दुरुस्त झाली नाही, हे मला अजून पटत नाही.

पुढच्या आवृत्त्यांनी जुन्या मॅक्रोंची आणखी कोंडी केली. ऑफिस 2007 ने फाइलचे दोन प्रकार केले: डॉकएक्समध्ये मॅक्रो राहूच शकत नाही, तिला डॉकएम लागतं. जुनी डॉक फाइल डॉकएक्स म्हणून सेव्ह केली की आतली मॅक्रो गळून पडते. ऑफिस 2010 पासून 64 बिटची आवृत्ती निघाली, तिथं विंडोजला थेट हाक मारणारा जुना कोड बदलल्याशिवाय चालत नाही. ‘कंपाइल एरर इन हिडन मॉड्यूल’ हे त्याहून जुनं दुखणं. पीडीएफ बनवणाऱ्या ॲक्रोबॅटसारखी सॉफ्टवेअर वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये आपलं टेम्प्लेट टाकून ठेवायची. ऑफिस बदललं की ते टेम्प्लेट अडायचं, आणि ज्यानं ॲक्रोबॅट कधी मुद्दाम उघडलंही नाही त्याच्या स्क्रीनवर हा एरर यायचा.

म्हणून फॉरमॅट मारण्याआधी विंडोजच्या रन खिडकीत winword /a एवढं टाइप करून वर्ड उघडून बघावं. असं उघडलेलं वर्ड नॉर्मल टेम्प्लेट आणि ॲड-इन (वर्डला जोडलेली बाहेरची सॉफ्टवेअर) काहीच उचलत नाही. तिथून प्रिंट आली तर प्रिंटर निर्दोष, दोष नॉर्मलमध्ये किंवा स्टार्टअप फोल्डरमध्ये. नॉर्मलचं नाव बदललं तर वर्ड स्वतःच नवं करून घेतं. मात्र बाँडवाल्या मॅक्रोसारख्या कामाच्या मॅक्रो आधी बाजूला काढून ठेवाव्यात, कारण त्याही तिथंच असतात.

अलीकडची भर 2022 ची. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधल्या मॅक्रो मुळातच बंद ठेवायचं मायक्रोसॉफ्टनं त्या फेब्रुवारीत जाहीर केलं, जुलैत मध्येच माघार घेतली आणि त्याच महिन्याअखेर पुन्हा लागू केलं. विंडोज अशा फाइलवर एक अदृश्य खूण ठेवतं. ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट32 ची असते, तिच्यावर फाइल टाकली की खूण पुसली जाते. त्यामुळं वकिलाच्या कारकुनानं व्हॉट्सॲप वेबवर पाठवलेली डॉकएम दुकानात लाल पट्टी दाखवून अडते आणि तीच फाइल पेन ड्राइव्हवरून आली की लाल पट्टीशिवाय छापली जाते. ‘व्हॉट्सॲपवरून फाइल बिघडते, पेन ड्राइव्हच आणा’ असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं. फाइल बिघडलेली नसते. पाठवणारा ओळखीचा असेल तर त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरलखाली ‘अनब्लॉक’ची चौकट असते, तिच्यावर टिक करून ओके करायचं आणि फाइल परत उघडायची.