हाडांत पसरलेला स्तनकर्करोग आणि किरणोत्सारी औषधे : पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यातील भूम आणि परंडा तालुक्यांतील गावांच्या कर्करोगाच्या नोंदी १९८७ पासून बार्शीच्या केंद्रात ठेवल्या जाऊ लागल्या. ग्रामीण भारतातील ती पहिली कर्करोग नोंदणी. मराठवाड्यातील अनेक स्त्रिया स्तनातील गाठ उशिरा दाखवतात, आणि तोवर रोग मणक्यात किंवा खुब्यात पोहोचलेला असला, तरी कंबरदुखी शेतकामाचीच मानली जाते. स्तनाचा कर्करोग पसरला की बहुतेक वेळा हाडे गाठतो आणि शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी औषधांचा या रोगाशी प्रथम संबंध आला तोही हाडांमुळेच.

या उपचाराची पहिली यशे मात्र थायरॉइडची आहेत. ही ग्रंथी आयोडिन ओढून घेते, म्हणून १९४१ मध्ये सॉल हर्ट्झ यांनी बॉस्टनमध्ये तिच्या अतिक्रियेवर किरणोत्सारी आयोडिन दिले आणि पुढे तिच्या कर्करोगावरही ते वापरले गेले. स्तनाच्या पेशींच्या बाबतीत इतका सोपा मार्ग हाती नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेतील बर्कली येथे चार्ल्स पेचर या बेल्जियन वैद्यकाने स्ट्रॉन्शियम-८९ या किरणोत्सारी मूलद्रव्याकडे लक्ष वेधले : कॅल्शियमशी साधर्म्य असल्यामुळे, कर्करोगाने डिवचलेले हाड जिथे नव्याने घडत असते तिथे ते अधिक साठते. पेचर १९४१ मध्ये तरुण वयातच वारले आणि अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळायला १९९३ साल उजाडले. पाठोपाठ १९९७ मध्ये समॅरियम-१५३ हे तसेच हाडात साठणारे किरणोत्सारी औषध आले. या दोन्ही औषधांचा नेम कर्करोगाच्या पेशीवर नसून तिच्या शेजारच्या हाडावर असतो, त्यामुळे वेदना कमी होते, पण रोग बरा होत नाही. हा फरक रुग्णाच्या घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितला गेला पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते.

पेशीवरच नेम धरण्याची शक्यता पेशीच्या पृष्ठभागावरील हर्-२ (HER2) या प्रथिनामुळे दिसू लागली. साधारण १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत ते अतिरिक्त प्रमाणात असते आणि त्याला चिकटणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडाला (अँटिबॉडी) १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्याच प्रतिपिंडाला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडण्याचे प्रयोग झाले. पण प्रतिपिंड रक्तात अनेक दिवस फिरत राहतो आणि तेवढा वेळ अस्थिमज्जेलाही (रक्तपेशी तयार करणारा हाडांतील गर) किरणांचा मारा सोसावा लागतो. त्यामुळे लवकर निचरा होणाऱ्या लहान रेणूंवर आता भर आहे. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी २०१८ मध्ये आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी २०२२ मध्ये अमेरिकेत ल्युटेशियमच्या औषधांना मिळालेल्या मान्यतेने या कामाला बळ आले, तरी स्तनाच्या कर्करोगाला नेमकेपणाने टिपणारे असे औषध अजून संशोधनाच्याच टप्प्यात आहे.

भारतात परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून कार्यरत आहे. मुंबईतील तुर्भ्याची (ट्रॉम्बे) 'ध्रुव' अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली आणि समॅरियम व ल्युटेशियम देशातच तयार होऊ लागले. किरणोत्सार सतत घटत असल्याने समॅरियम ४६ तासांत निम्मे होते, ल्युटेशियम सुमारे साडेसहा दिवसांत. म्हणून मात्रेची तारीख, रुग्णाचा प्रवास आणि रक्ततपासणी यांचा मेळ आधीच घालावा लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयामुळे बाहेरून किरण देण्याचा उपचार, ज्याला गावाकडे शेक म्हणतात, २०१२ नंतर मराठवाड्यात जवळ आला. हाड मोडण्याच्या बेतात असेल किंवा मज्जारज्जूवर दाब आला असेल, तर आजही आधी शेक किंवा शस्त्रक्रियाच करावी लागते. शिरेतून दिलेल्या औषधाचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि तेवढी वाट पाहण्यात पाय कायमचे लुळे पडू शकतात.