पपईच्या पानांचा रस आणि डेंग्यूतल्या प्लेटलेट

पावसाळा आला की सल्ला फिरू लागतो: डेंग्यूत प्लेटलेट घसरल्या, पपईच्या पानांचा रस पाजा, दोन दिवसांत वाढतात. वाढतात हे खरं, पण रस पाजला नाही तरी वाढतात.

प्लेटलेट अस्थिमज्जेत तयार होतात. डेंग्यूचा विषाणू तापाच्या पहिल्याच दिवसांत मज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या पेशींचं काम मंदावतो. शिवाय रक्तातल्या तयार प्लेटलेटही प्रतिकारयंत्रणेच्या माऱ्यात नष्ट होतात. ताप उतरायच्या सुमारास मज्जा सावरलेली असते, पण नव्या प्लेटलेट रक्तात दिसायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. रस सुरू होतो साधारण पाचव्या दिवशी, आकडा चढतो सातव्या-आठव्या दिवशी. श्रेय पपईला! काही छोट्या चाचण्यांत आकडा जरा लवकर चढला, पण त्याने जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. त्यात रस कडूजहर; आधीच उलट्या होणाऱ्याला तो आणखी बेजार करतो.

खरा धोका ताप उतरल्यावरच्या 24 ते 48 तासांत, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा. द्रव पाझरला की रक्त दाट होतं आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, वाढतो. ते 40 वरून 48 झालं, म्हणजे 20 टक्के चढलं, तर प्लेटलेट 80,000 असल्या तरी रुग्णालय गाठा. पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तरी तेच. तापावर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको.