नायट्रिक ऑक्साइड आणि हृदयस्नायू : थांबवलेल्या एका चाचणीची पार्श्वभूमी

नायट्रिक ऑक्साइडचा इतिहास बहुधा रक्तवाहिन्यांच्या बाजूने सांगितला जातो. छातीतील कळ शमवण्यासाठी नायट्रोग्लिसरीन देण्याची पद्धत १८७९ पासूनची. त्यातून नायट्रिक ऑक्साइड मोकळा होतो हे १९७७ मध्ये समोर आले, रक्तवाहिनीचा अंतःस्तर वाहिनी सैल करणारा एक पदार्थ स्वतःच सोडतो हे १९८० मध्ये कळले, आणि तो पदार्थ म्हणजे हाच वायू हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. १९९८ च्या नोबेल पारितोषिकाने या शोधावर मोहोर उमटवली. या मांडणीत हृदयाचा स्नायू मात्र बाजूला पडतो. तो स्वतः हा वायू तयार करतो आणि त्याचा परिणाम थेट ठोक्यावर होतो, ही बाब उपचारांच्या आखणीत उशिरा शिरली, आणि त्या उशिराची किंमत रुग्णांनी मोजली असे माझे मत आहे.

हृदयस्नायूविषयीचा एक ठळक पुरावा १९९२ मध्ये आला. तीव्र जंतुसंसर्गात शरीरात वाढणारी दाहकारक प्रथिने हॅम्स्टरच्या हृदयातून काढलेल्या स्नायूंवर सोडली असता त्यांचे आकुंचन काही मिनिटांत क्षीण झाले. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखणारा पदार्थ दिल्यास हा परिणाम टळत होता. यावरून नायट्रिक ऑक्साइड म्हणजे हृदय दुबळे करणारा घटक, असे समीकरण रूढ झाले. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो त्या अवस्थेत, हाच वायू रक्तवाहिन्याही बेसुमार सैल करतो हे तोवर ठाऊक असल्याने त्याची निर्मितीच बंद पाडली तर रक्तदाब आणि हृदय दोन्ही सावरतील, ही कल्पना आकर्षक ठरली.

वादाचा मुद्दा आहे तो यानंतरच्या निर्णयाचा : ही निर्मिती रोखणारे औषध सेप्टिक शॉकच्या रुग्णांना देऊन पाहण्याचा. नायट्रिक ऑक्साइड बनवणारी विकरे (एन्झाइम) तीन आहेत. त्यांपैकी दोन हृदयात नेहमीच असतात आणि अल्प प्रमाणात, क्षणाक्षणाच्या गरजेनुसार काम करतात. तिसरे संसर्ग वा दाह झाल्यावर उत्पन्न होते आणि तासन्‌तास मोठ्या प्रमाणावर वायू तयार करत राहते. निवडलेले औषध या तिघांत भेद करत नव्हते. सुमारे ३०० रुग्णांच्या पहिल्या टप्प्यात ७२ तासांनी शॉकमधून बाहेर आलेल्यांचे प्रमाण औषध मिळालेल्यांत ४० टक्के आणि न मिळालेल्यांत २४ टक्के होते, आणि एवढ्या आधारावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठी चाचणी हाती घेण्यात आली. ती ७९७ रुग्णांनंतर मध्येच थांबवावी लागली : २८ व्या दिवसापर्यंत औषध मिळालेल्यांपैकी ५९ टक्के, तर प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस) मिळालेल्यांपैकी ४९ टक्के रुग्ण दगावले होते. औषधाच्या गटात हृदय व रक्ताभिसरण कोलमडून झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते, हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त घटले होते, आणि फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढला होता. हे सविस्तर निष्कर्ष छापून आले ते थेट २००४ मध्ये.

रक्तदाब चढला म्हणजे रुग्ण सुधारला, हे गृहीत धरण्यात खरी गफलत होती. सेप्टिक शॉकमध्ये वाहिन्या सैल असल्यामुळे हृदयापुढचा भार कमी असतो, म्हणून दुबळे झालेले हृदयही पुरेसे रक्त पुढे ढकलू शकते. वाहिन्या एकाएकी आवळल्या की हा आधार नाहीसा होतो, रक्तदाबाचा आकडा चांगला दिसतो आणि प्रत्यक्ष रक्तपुरवठा मात्र घटतो. निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे असे की विशिष्ट विकरालाच रोखणारे औषध तेव्हा माणसांत वापरण्याइतके तयार नव्हते आणि मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांसाठी थांबणे शक्य नव्हते. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण पुरेसा नाही. कारण हृदयधमन्यांत नायट्रिक ऑक्साइड देणारे औषध अल्प प्रमाणात सोडल्यास माणसाची डावी जवनिका (शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा) लवकर सैल होते आणि अधिक सहजतेने भरते, हे १९९४ मध्येच नोंदले गेले होते. ठोका जितका आकुंचनावर अवलंबून असतो तितकाच दोन आकुंचनांमधल्या शिथिलीकरणावरही असतो, आणि नायट्रिक ऑक्साइडचे नित्याचे काम मुख्यतः तिथेच चालते : त्याच्यामुळे वाढणारे सायक्लिक जीएमपी (पेशीतील एक संदेशवाहक रेणू) स्नायूतंतूंची कॅल्शियमविषयीची संवेदनशीलता कमी करते आणि तंतू वेळेवर सैल होतात. ते संपूर्णपणे बंद करणे म्हणजे रोगासोबत हृदयाची ही सोयही काढून घेणे होते.

पुढे २००२ मध्ये उंदरांवरील कामातून चित्र आणखी स्पष्ट झाले. हृदयपेशीच्या आवरणातील सूक्ष्म खळग्यांत वसलेले विकर ॲड्रेनालिनसारख्या उत्तेजनाला लगाम घालते, तर पेशीतील कॅल्शियमच्या साठ्याजवळ असलेले दुसरे विकर आकुंचनाला हातभार लावते. एकच वायू दोन जागी परस्परविरुद्ध कामे करतो. तरीही २००७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या शॉकसाठी तेच औषध कमी मात्रेत व थोड्या काळासाठी पुन्हा आजमावण्यात आल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि ३९८ रुग्णांनंतर मृत्यूदरात फायदा नसल्याने तीही चाचणी आवरती घेण्यात आली.

त्यानंतर लक्ष उलट दिशेला, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचा हा मार्ग रोखण्याऐवजी बळकट करण्याकडे वळले. विशेषतः आकुंचन शाबूत पण जवनिका ताठर असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये. इथेही सरसकट उपाय फसले. २०१५ मध्ये नायट्रिक ऑक्साइड पुरवणाऱ्या नायट्रेटच्या गोळ्यांनी असे रुग्ण कमी हालचाल करू लागल्याचे आढळले, आणि २०१८ मध्ये श्वासावाटे दिलेल्या नायट्राइटनेही त्यांची श्रमक्षमता वाढली नाही. २०१९ मध्ये उंदरांत असे दिसले की या आजारात तिसऱ्या विकराचा अतिरेकच प्रथिनांना इजा करतो आणि त्याला आवर घातल्यास आजार सौम्य होतो. आकुंचन क्षीण असलेल्या रुग्णांत मात्र २०२० मध्ये वेगळा मार्ग काहीसा यशस्वी ठरला : वायूची मात्रा न वाढवता सायक्लिक जीएमपी बनवणाऱ्या विकरालाच चेतवणाऱ्या औषधाने ५,०५० रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३८.५ टक्क्यांवरून ३५.५ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी ताठर हृदयाच्या रुग्णांत तेच औषध दिले गेले, पण त्यांच्या दैनंदिन शारीरिक क्षमतेत सुधारणा झाली नाही.