आधी डिपर मारला त्याचा रस्ता? एका अलिखित नियमाची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात समोरून लाइटची उघडझाप दिसली, तर तिचा अर्थ जागेवरून आणि वेळेवरून लावावा लागतो. रात्री कागलच्या बाजूने येणाऱ्या ट्रकने एकदाच लाइट मारली, तर बहुधा ‘तुझा अपर (लांबचा झोत) खाली घे’. भर दुपारी समोरच्या मोटारीने दोन-तीनदा मारली, तर पुढे तपासणी चालू असणार. ऊस हंगामात संध्याकाळी हेच झाले, तर वळणापलीकडे ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असण्याची शक्यता जास्त. आणि फाट्यावर थांबलेल्या माणसाकडे बघून वडापवाला (प्रवासी जीपचा चालक) लाइट मारतो, तेव्हा तो फक्त ‘येताय काय?’ एवढेच विचारत असतो. माणसाने मान हलवली की विषय संपला.

यावरून कोणाची भांडणे होत नाहीत. भांडण होते ते दोन गाड्या समोरासमोर आल्यावर, जागा एकीपुरतीच असताना. तेव्हा दोघेही काच खाली करून एकच सांगतात: मी आधी डिपर मारला होता, म्हणजे लाइटची उघडझाप केली होती.

डिपरची सोय मुळात इशाऱ्यासाठी आलीच नव्हती. कार्बाइडच्या दिव्यांच्या काळात उघडझाप करणे शक्यच नव्हते. 1920 च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तारा आल्या, एक लांबच्या उजेडाची आणि एक जवळच्या. त्यांची अदलाबदल करायला पुढे पायाजवळ बटण आले. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये आणि जीपमध्ये ते क्लचच्या डावीकडे, जमिनीवर असे. हेडलाइट चालू असतील तरच त्याचा उपयोग, म्हणून डिपर हा रात्रीचाच व्यवहार राहिला. दिवसा हॉर्न, आणि खिडकीतून बाहेर काढलेला हात. स्टिअरिंगखालची दांडी ओढली की लाइट लागते आणि सोडली की विझते, ही रचना युरोपात 1950 च्या दशकात रुळू लागली. आपल्याकडे ती 1980 च्या दशकातल्या नव्या मोटारींबरोबर सर्रास झाली. दिवसाढवळ्या लाइट मारण्याची सवय त्यानंतरची.

आजचे अर्थ ठरले ते मात्र पुणे-बेंगळुरू रस्ता चौपदरी होण्याआधी. तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 4 होता, आता 48 आहे. मध्ये दुभाजक नव्हता. पेठनाक्यापासून कागलपर्यंत रात्री ट्रकांची रांग आणि त्यांच्यामागे ओव्हरटेकसाठी डोके बाहेर काढणाऱ्या एसट्या. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’च्या जोडीला ‘यूज डिपर अ‍ॅट नाईट’ रंगवलेले असे. ती विनंती मागून येणाऱ्याला होती: तुझा उजेड माझ्या आरशात येतोय, खाली घे. समोरच्याशी निराळा शिरस्ता. लांबूनच एकाने डिपर करायचा, म्हणजे उजेड खाली घ्यायचा, दुसऱ्याने तसेच उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर एकदा अपर मारून आठवण करून द्यायची. तरीही नाही, तर मग दोघेही पूर्ण अपरवर, आणि साइडपट्टीवरच्या सायकलवाल्याचे काय व्हायचे ते होवो.

ओव्हरटेकचा अर्थही याच रस्त्यावर पक्का झाला. ताशी 60 च्या वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींच्या दिशेने सेकंदाला 33 मीटर सरकतात. दोनशे मीटर अंतर असेल तर हातात सहा सेकंद. एवढ्यात ‘तुम्ही या, मी थांबतो’ असला शिष्टाचार कोणाला सुचणार? समोरून लाइट मारली याचा एकच अर्थ परवडण्यासारखा होता: मी येतोय, तू आत जा. किन्नर (ट्रकवरचा मदतनीस, क्लीनर) गाडीच्या डाव्या खिडकीतून बघत असे आणि ‘घे घे’ किंवा ‘थांब’ ओरडत असे, पण निर्णय समोरच्या लाइटवर व्हायचा.

कायद्याने या सगळ्यात लक्ष घातले ते फक्त उजेडापुरते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हेडलाइटची किरणे खाली वळलेली असावीत असे आहे, आणि तेही मोजमापासकट: दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला ते दिपवणारे नसावेत. हेडलाइटच्या काचेच्या मधोमध काळा ठिपका लावण्याची पद्धत जुन्या वाचकांना आठवत असेल, तीही या दिपण्यावरचीच मात्रा. त्याच वर्षीच्या, 2017 पर्यंत लागू असलेल्या रस्त्याच्या नियमावलीत हाताच्या इशाऱ्यांचे बारीक वर्णन होते: वळताना हात कसा धरायचा, थांबताना कसा, मागच्याला पुढे जाऊ देताना कसा. लाइटची उघडझाप झाल्यावर आधी कोणी जायचे, याबद्दल त्यात ओळ नव्हती. 2015 मध्ये राज्याने ट्रकवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ला बंदी घातली, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवण्याला 1000 रुपये दंडाचे स्वतंत्र कलम आणले. आवाजाकडे एवढे लक्ष गेले. लाइट मारण्याचा अर्थ ठरवणे चालकांवरच राहिले.

इतर देशांत काय? ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये दोन नियम लागोपाठ आहेत. लाइट मारायची ती फक्त आपण इथे आहोत हे कळवण्यासाठी, आणि समोरच्याने लाइट मारली म्हणजे आपल्याला जायला सांगितले असे कधीही समजू नये. तिथली माणसे रोज बरोबर उलटे करतात, लाइट मारून एकमेकांना वाट देतात, हा भाग वेगळा. जर्मनीत गावाबाहेर ओव्हरटेकची सूचना देण्यासाठी लाइट मारायला नियमानेच परवानगी आहे.

आता मूळ वादाकडे. ‘आधी डिपर मारला त्याचा रस्ता’ हे सूत्र आपल्याकडे इतके रुजले आहे की नवशिक्यालाही तो नियम वाटतो. त्याच्या मुळाशी अरुंद वाटा आहेत. पंचगंगा, भोगावती, वेदगंगा या नद्यांवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा वापर गावे पूल म्हणूनही करत आली. पाणी अडवायला बांधलेली ती भिंत. वरून एका वेळी एकच जीप किंवा ट्रॅक्टर जातो, बऱ्याच ठिकाणी कठडे नावालाच. तिथे जुनी समज साधी होती: आधी चढेल तो पुढे, आणि भरल्या गाडीला रिकाम्या गाडीने वाट द्यायची. या दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यावर हुज्जत घालता येत नाही. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बंधाऱ्यावरून मागे घ्यायचा म्हणजे काय, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

डिपरने ही समज मोडली. आता चढण्याआधीच, शंभर-दीडशे मीटर लांबून लाइट मारून बंधारा ‘बुक’ करता येऊ लागला. त्यात फायदा कोणाचा? ज्याची लाइट प्रखर आणि ज्याची गाडी वेगात, त्याचा. ट्रॅक्टरचा एक दिवा बंद, दुसरा वाकडा. त्याने आधी मारला तरी दिसणार कोणाला? या सूत्राचा उगम काहीही असो, ते व्यवहारात जोरकस गाडीच्या बाजूने झुकते, हे त्याचे समर्थक क्वचितच कबूल करतात.

घाटात गुंता आणखी वाढतो, कारण तिथे खरोखरचा लेखी नियम आहे. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. कारण उघड आहे. चिऱ्याने भरलेला ट्रक कोकणातून वर येणाऱ्या करूळ घाटात चढावर थांबला, तर पुन्हा उचलताना क्लच जळतो, आणि नाहीच उचलला तर मागे सरकतो. मागे रांग असते. उतरणाऱ्यांचाही मुद्दा आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही: भरलेली गाडी उतारावर वारंवार थांबवली तर ब्रेक तापतात आणि पकड सुटते, मग थांबायचे कोणी? म्हणून उतरणारे वळणाच्या वरूनच लाइट मारत येतात, आणि पोचेपर्यंत तो त्यांचा हक्क झालेला असतो. 2024 मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला आणि गाड्या शेजारच्या भुईबावडा घाटाच्या त्याहून अरुंद रस्त्याला लागल्या, तेव्हा हा जुना वाद वळणावळणावर नव्याने ऐकू आला.

खरे तर घाटात डिपर फार उपयोगी असतो. रात्री गाडी दिसण्याआधी तिचा उजेड समोरच्या दरडीवर पडतो. त्यात उघडझाप झाली की वळणापलीकडच्याला वेळेत कळते. दिवसा हे काम होत नाही, तेव्हा हॉर्नच बरा. दाट धुक्यात तर अपर उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. म्हणजे ‘मी इथे आहे’ हे सांगायला डिपर उत्तम. ‘रस्ता माझा आहे’ हे सांगायला तो कधीच पुरेसा नव्हता, कारण ते ठरायला समोरच्याचा होकार लागतो आणि त्याची खूणच नाही.

चौपदरीकरणानंतर मोठ्या रस्त्यावरून समोरचा माणूसच गेला. मध्ये दुभाजक आला आणि डिपर मागून येऊ लागला. उजव्या पट्ट्यात 50 च्या वेगाने चाललेल्या ट्रकला मोटारवाला लाइट मारून साइड मागतो, ट्रकवाला आरशात बघून न बघितल्यासारखे करतो, मग मोटार डावीकडून कट मारून जाते. सेवा रस्त्यावर उलट दिशेने येणारे दुचाकीवाले तेवढे अजून जुन्या अर्थाने लाइट मारतात.

याच काळात शहरात दुसरा अर्थ शिरला. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात गाडी चालवून आलेले लोक कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या चौकात थांबतात आणि लाइट मारून समोरच्याला जायला सांगतात. हेतू चांगलाच. पण समोरचा स्कूटरवाला कचकन ब्रेक मारतो, कारण त्याच्या हिशेबाने गाडी अंगावर येणार आहे. दोघेही थांबतात, थोडा वेळ जातो, कोणी तरी हात करते. उलटी चूक महागात पडते. गावाकडचा चालक ‘मी येतोय’ म्हणून लाइट मारतो आणि शहरातला ती ‘या’ समजून पुढे सरकतो. एका गैरसमजात मिनिट वाया जाते, दुसऱ्यात बंपर. त्यामुळे दोन्ही अर्थांना सारखा मान द्यावा, हे म्हणणे इथे टिकत नाही. अनोळखी लाइटचा अर्थ ‘मी येतोय’ असाच घ्यायला हवा, आणि वाट द्यायची असेल तर हात दाखवावा.

पोलिसांच्या तपासणीची सूचना देणारा डिपर हा वेगळाच प्रकार. ब्रिटनमध्ये त्यासाठी पोलिसांच्या कामात अडथळा म्हणून चालकांना दंड झाले आहेत; अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या एका खटल्यात 2014 मध्ये संघीय न्यायालयाने नेमके उलट, तो अभिव्यक्तीचा भाग मानला. आपल्याकडे यावर कोणी फारसा विचार केलेला दिसत नाही. हेल्मेट डिकीतून डोक्यावर येते, पट्टा लागतो, एवढाच त्याचा दृश्य परिणाम. पण ऑगस्ट 2019 मध्ये आणि जुलै 2021 मध्ये पुराचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, तेव्हा हीच खूण ‘परत फिर, पुढे पाणी आहे’ यासाठी वापरली गेली, आणि अर्थ विचारायला कोणी थांबले नाही.

गेल्या काही वर्षांत यंत्रांनी या भाषेत लुडबुड सुरू केली आहे. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो. सुरुवातीला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस बोटांची उघडमिट करून ‘लाइट चालू आहे’ सांगत असे. आता ते थांबले, पण दिवसाची लाइट दिसली की कोणी तरी काही तरी सांगतोय, हा समजही त्याबरोबर गेला. एलईडीमुळे डिपरवरचीही गाडी अपरवर असल्यासारखी वाटते, आणि चूक नसलेल्यालाही चार जण लाइट मारून जातात. गतिरोधकावरून उडालेल्या गाडीचा उजेड क्षणभर वर उठतो. समोरच्याला तो डिपरच दिसतो. आपल्याकडे गतिरोधक किती आहेत आणि कुठे कुठे आहेत, हे वेगळे सांगायला नको.

काही महागड्या मोटारींत तर समोरची गाडी दिसली की कॅमेराच अपरचा डिपर करतो आणि ती गेली की पुन्हा अपर. वळणावळणाच्या रस्त्यावर ही अदलाबदल सारखी चालू राहते. घाटातून गगनबावड्याकडे वर येणारा ट्रकवाला ती बघतो, समोरच्याने वाट दिली असे समजतो आणि ट्रक पुढे काढतो. मोटारीतल्या माणसाने मात्र दांडीला हातही लावलेला नसतो.