ऑलिम्पिक डॅमचं तांबं सापडलं कसं

ऑस्ट्रेलियातल्या ऑलिम्पिक डॅम या तांब्याच्या खाणीचा विषय निघाला की लोक सरळ सांगून मोकळे होतात, ग्रॅव्हिटी आणि मॅग्नेटिक सर्व्हे केला (म्हणजे खालच्या खडकांमुळे गुरुत्वात आणि चुंबकत्वात जागोजागी पडणारा फरक मोजला) आणि खाण सापडली. एवढं सोपं नव्हतं ते, म्हणून थोडं मागून सुरुवात करतो.

चुंबकाने लोखंड शोधणं खूप जुनं आहे, स्वीडनमध्ये सतराव्या शतकापासून खाणवाले खास होकायंत्र घेऊन फिरायचे, सुई खाली झुकली की तिथं खणायचं. मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, जमिनीलगत असलं की हे जमतं. पण रशियात कुर्स्कजवळ सुई भलतीकडेच वळायची, प्रोफेसर लाइस्ट यांनी वर्षानुवर्षं तिथं हजारो ठिकाणी मोजमापं घेतली, त्यांच्या सांगण्यावरून बोअर घेतला तर लोखंड लागलंच नाही, मग पैसे देणाऱ्यांनी हात आखडते घेतले. १९२३ मध्ये श्चिग्रीजवळ १६७ मीटरवर धातुक लागलं तेव्हा लाइस्ट जाऊन पाच वर्षं झाली होती. वाईट वाटतं हे वाचून, कारण अॅनोमली, म्हणजे सुईतला तो वेगळेपणा, पहिल्यापासून खरीच होती.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला विमानात मॅग्नेटोमीटर (चुंबकत्व मोजणारी यंत्रं) बसवले, युद्ध संपल्यावर तेच खनिजांच्या कामाला आले आणि मोठमोठे प्रदेश भराभर मोजून व्हायला लागले. ग्रॅव्हिटीचं काम मात्र बराच काळ जमिनीवरच राहिलं, आणि ते किचकट. गुरुत्व साधारण ९,८०,००० मिलिगल (मिलिगल हे गुरुत्व मोजायचं एकक), त्यात आपल्याला हवा असतो दोन-चार मिलिगलचा फरक, आणि यंत्र नुसतं एक मीटर वर नेलं तरी आकडा ०.३ मिलिगलने कमी होतो. म्हणजे ग्रॅव्हिमीटर, हे गुरुत्व मोजणारं यंत्र, वाचण्याइतकीच मेहनत त्या जागेची उंची नीट काढायला लागते. आपल्याकडे दख्खनच्या बेसॉल्टखाली, म्हणजे काळ्या कातळाखाली, काय आहे हे बघायचं तर आणखी एक अडचण, बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय, त्यामुळे मॅग्नेटिक नकाशात वरच्याच दगडाचा गोंधळ जास्त दिसतो.

आता ऑस्ट्रेलिया. वेस्टर्न मायनिंग कंपनी तांबं शोधत होती. डग्लस हेन्स या भूशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की जुन्या बेसॉल्टमध्ये बदल होताना त्यातलं तांबं सुटतं आणि वरच्या गाळाच्या खडकात जाऊन साठतं. मग असा बेसॉल्ट शोधायचा, तो जड आणि चुंबकीय, म्हणून सरकारी नकाशांवर ग्रॅव्हिटी आणि मॅग्नेटिक दोन्ही जिथं चढलेत अशा जागा निवडल्या. रॉक्सबी डाऊन्सला अशीच एक होती, वर ओसाड सपाट जमीन, खाली तीनशे मीटरपेक्षा जास्त जाडीचा निरुपयोगी खडक, पृष्ठभागावर तांब्याचा मागमूस नाही. जवळच गुरांसाठी बांधलेलं पाण्याचं तळं होतं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकवरून त्याला ऑलिम्पिक डॅम म्हणायचे, तेच नाव पुढे खाणीला पडलं.

१९७५ मध्ये पहिला बोअर घेतला, आरडी-१. साधारण ३५० मीटरवर ३८ मीटर जाडीचा थर, सुमारे १ टक्का तांबं. पण जो बेसॉल्ट शोधत होते तो कुठेच नाही! होता तो हेमॅटाइटने, म्हणजे लोखंडाच्या एका जड खनिजाने, भरलेला फुटका-तुटका ग्रॅनाइट. पुढचे बरेच बोअर निराशाजनक गेले तरी त्यांनी सोडलं नाही, ही जिद्द मला सर्व्हेपेक्षा मोठी वाटते. शेवटी १९७६ मध्ये आरडी-१० ला १७० मीटर, २.१ टक्के तांबं, आणि मग शंकाच उरली नाही. सोबत युरेनियम, सोनं, चांदी. उत्पादन १९८८ ला सुरू झालं.

ग्रॅव्हिटी वाढली होती ती या हेमॅटाइटच्या वजनामुळे. मॅग्नेटिकचं कारण वेगळंच, ते बरंच खोल आहे, कारण हेमॅटाइट फारसं चुंबकीय नसतं. त्यामुळे पुढे नुसतं मॅग्नेटिक शिखरावर बोअर मारणं पुरेसं नाही हे लोकांना हळूहळू कळलं, आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातच प्रॉमिनंट हिल हा तांब्याचा दुसरा साठा सापडला तो ग्रॅव्हिटी जिथं चढली होती तिथं, शेजारच्या मॅग्नेटिक शिखरावर नाही.