सिस्टिक फायब्रोसिसमधील फुप्फुसाची बुरशी-ॲलर्जी (एबीपीए)

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आनुवंशिक आजार असलेल्या काही मुलांच्या श्वासनलिकांत ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी ठाण मांडते आणि शरीर तिच्यावर नको तेवढे चवताळते. या विकाराचे नाव ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मोनरी ॲस्परजिलोसिस, दवाखान्यात नुसते ‘एबीपीए’. त्याचे पहिले वर्णन १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये झाले.

या बुरशीचे बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे. ते रोज सगळ्यांच्याच नाकात जातात आणि कफाबरोबर बाहेर पडतात. सीएफटीआर या जनुकात (शोध १९८९) दोष असलेल्या मुलांचा कफ मात्र डिंकासारखा चिकट असतो. बीजाणू त्यात अडकतात, तिथेच रुजतात. बुरशी सहसा फुप्फुस पोखरत नाही. नासधूस होते ती ॲलर्जीच्या सुजेने, आणि श्वासनलिका कायमच्या रुंदावतात.

बुरशी म्हटले की नाशिककराला चाळीतल्या कांद्यावरची काजळी आठवते. ती बहुधा ॲस्परजिलस नायजर. इथली खरी गुन्हेगार तिची हिरवट-राखाडी बहीण, जिला कुजणाऱ्या ढिगातली ऊब मानवते. हात घातला की वाफ लागते असा उकिरडा उपसताना जो धुरळा उठतो, त्यात ती भरपूर असते. अशा मुलाला त्या दिवशी खळ्याकडे फिरकू देऊ नये. आणखी एक गुंता: द्राक्षबागेत भुरीवर मारतात ती ट्रायझोल गटातली औषधे आणि या आजारावरचे इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक एकाच कुळातले. अशा औषधांना दाद न देणारी फ्युमिगेटस भारतातल्या मातीतही सापडली आहे.

खोकला, घरघर, बेडक्यात तपकिरी गुठळ्या, एक्स-रेवर येणारे-जाणारे डाग. बाळदमा किंवा टीबी समजून महिने निघून जातात. मूळ आजाराची खूण घरातच असते: लेकराची पापी घेतली की ओठाला मीठ लागते. घामाच्या तपासणीत क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त भरले की सिस्टिक फायब्रोसिसचा संशय पक्का होतो. एबीपीएसाठी रक्तातले एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारे प्रतिपिंड), बुरशीविरुद्धचे आयजीई आणि सीटी स्कॅन पाहतात.

उपचार प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा, बरेचदा जोडीला इट्राकोनॅझोल. त्याची साधी कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची, पातळ औषध उपाशीपोटी. हे उलटे झाले तर औषध पुरेसे अंगी लागत नाही. बरे वाटल्यावरही आयजीई तपासत राहतात, कारण ते दुपटीने चढले तर आजार उलटल्याची शंका घेतात.